आवडला असेल तर डावीकडे

रविवार, २ तारीख

आधीच सांगते, शुद्धलेखन माफ करा आणि टायपिंगही फार हळू आहे. एका बोटाने चाललंय. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि जोडाक्षर आलं की मी उठून जरा पाणी पिऊन येते. माफ करा हे कोणाला म्हणतेय काय माहीत, कारण वाचणार कोणीच नाही. दादाने नवा लॅपटॉप घेतला, जुना मला दिला. म्हणाला, "तोंडाने बोलत नाहीस, निदान बोटाने बोल."

तर मी. वय सोळा. नववीत शाळा सोडली. नापास वगैरे नव्हते. उभं राहून वाच म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा, नळाचं पाणी जातं ना, तसा. नुसती हवा यायची. आई शाळेत जाऊन जाऊन दमली. मग बाबा म्हणाले, राहू दे, माझ्या हाताखाली येऊ दे. बाबा खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करतात. आता मीही करते. दाभण चालवायला बोलावं लागत नाही.

सध्या थेटरचं काम आहे. सगळ्या सीट नव्या करायच्यात. मधे चालायची वाट, तिच्या डावीकडे अर्ध्या खुर्च्या, उजवीकडे अर्ध्या. उजवी बाजू गेल्या महिन्यातच झाली. डावीचा फोम यायचाय, तो काही येत नाही. बाबांनी डावीकडच्या सीटमध्ये जो चांगला काथ्या उरला होता तोही काढून उजवीकडे भरला. म्हणाले, "दोन्हीकडे अर्धवट कशाला? एक बाजू अशी करू की बसलेला माणूस उठणार नाही." डावीकडे मग स्प्रिंगवर नुसतं गोणपाट आणि वर जुनंच रेक्झिन ताणून बसवलं. लांबून काही कळत नाही.

बोट दुखलं. उद्या बघू.

मंगळवार, ४ तारीख

आज मंगळवार म्हणजे वेडा पिक्चर. असं बाबा म्हणतात. थेटरचे मॅनेजरकाका म्हणतात "वेगळा पिक्चर". दर मंगळवारी संध्याकाळी ते कुठून कुठून आणलेले पिक्चर लावतात, ज्यात मारामारी नसते, गाणी नसतात, कधीकधी गोष्टही नसते. आम्ही काम आवरत असतो तेव्हाच सुरू होतो, म्हणून मी थांबते. शेवटच्या रांगेमागे फोमच्या तुकड्यांचं एक पोतं आहे, त्यावर बसते. खुर्चीवर बसले तर कोणीतरी शेजारी बसेल आणि बोलेल.

पिक्चर संपला की इथली एक पद्धत आहे. लाइट लागतात. आवडला असेल तर डावीकडे जाऊन बसायचं, नावडला असेल तर उजवीकडे. मग भांडायचं. मॅनेजरकाकांचा टॉर्च ज्याच्या हातात, बोलणं त्याचं, बाकीच्यांनी गप्प. मधेच मत बदललं तर उठून पलीकडे जायचं, त्यात लाज नाही. हे खूप वेळ चालतं, कधीकधी पिक्चर बरा पण भांडण नको असं होतं. मला मात्र भांडणच जास्त आवडतं.

आजचा पिक्चर: दोन भाऊ एक कपाट उचलून बहिणीच्या घरी नेतात. चालत. पूर्ण पिक्चरभर. बहिणीच्या दारातून ते आत जात नाही. मग दोघं रस्त्यावरच कपाटात बसतात आणि दार लावून घेतात. संपलं.

मला इतका आवडला की पोत्यावर बसल्या बसल्या हसू आलं. खाली अक्षरं येतात ती माझी वाचून होत नाहीत, त्यामुळे ते काय बोलत होते ते सगळं कळलं नाही. पण धाकटा भाऊ सारखा जड बाजूला जायचा आणि मोठ्याला कळू द्यायचा नाही, ते दिसलं. त्याला अक्षरं लागत नाहीत.

गॅरेजवाले काका नेहमीप्रमाणे उजवीकडे. टॉर्च घेऊन म्हणाले, "अहो, दाराचं माप आधी घ्यायचं ना. एवढं केलं असतं तर पिक्चरच काढावा लागला नसता."

डेंटिस्टबाई डावीकडून म्हणाल्या, "काका, तुम्ही लग्नाआधी माप घेतलं होतं का?"

सगळे हसले, काकापण. डेंटिस्टबाईंना प्रत्येक पिक्चर आवडतो. पण आज डावीकडे त्यांच्यासोबत फार कमी लोक होते. आधी डावी बाजू बऱ्यापैकी भरायची.

मंगळवार, ११ तारीख

आजचा पिक्चर: सगळी माणसं फक्त मागून दिसतात. बाई, पोरं, दुकानदार, सगळे. बाईचा चेहरा दिसेल दिसेल म्हणून आपण बसतो आणि तो दिसतच नाही. शेवटी ती आरशासमोर उभी राहते तर आरशावर वाफ.

मला हा कपाटाहून जास्त आवडला. मी लोकांना मागूनच बघते. शेवटच्या रांगेमागे बसल्यावर दुसरं काय दिसणार? माणूस मागून खोटं बोलू शकत नाही असं मला वाटतं. कान लाल होतात, मान आखडते. गॅरेजवाले काका रडवेल्या सीनला मान खाजवतात. हे त्यांना माहीत नाही.

लाइट लागल्यावर काका म्हणाले, "माझी मान दुखायला लागली, मीच वळून वळून बघत होतो. हिरोइनला नाक आहे का नाही हे तरी दाखवा."

कोणी उलटून बोललंच नाही फारसं. आता लोक पिक्चर सुरू व्हायच्या आधीच उजवीकडे जाऊन बसतात. म्हणजे नावडणार हे ठरवूनच घरातून निघत असतील. असं असेल तर यायचं कशाला? आणि मग जागचे हलत नाहीत. पाय पसरून, डोकं मागे टेकवून, नावडलेल्या पिक्चरबद्दल एवढ्या आरामात बोलतात. एक आजोबा तर घोरत होते. बाबांना घरी जाऊन सांगितलं की उजवीकडे लोक झोपतात इतक्या गाद्या छान झाल्यात, तर बाबा जेवताना दोनदा हसले.

पण वाईट बातमी अशी. मॅनेजरकाका जाताना माझ्या पोत्याजवळ थांबले. ते माझ्याशी बोलतात, पण उत्तराची वाट बघत नाहीत, म्हणून मला ते आवडतात. म्हणाले, "मालक विचारत होते, मंगळवारचे पिक्चर लोकांना आवडतात का. मी खोटं कसं सांगू? गेले कितीतरी मंगळवार उजवी बाजू जिंकतेय. ते म्हणाले, या महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर मंगळवारीही नेहमीचाच पिक्चर लावू."

मी मान हलवली. नेहमीचा पिक्चर म्हणजे ज्यात हिरो काचा फोडून आत येतो. दार उघडं असलं तरी काचेतूनच येतो.

मंगळवार बंद झाला तर मला काही राहणार नाही असं नाही. काम आहे, घर आहे, दादा आहे छळायला. पण आठवड्यात एकदा मला असं वाटतं की माझ्या डोक्यात जे चालतं ते आणखी कोणाच्या तरी डोक्यात चालून गेलंय आणि त्याने त्याचा पिक्चर काढलाय. ते जाईल.

गुरुवार, १३ तारीख

फोम आला नाही. बाबांनी फोमवाल्याला फोन केला, तो म्हणे "गाडी निघालीय". गाडी गेल्या सोमवारपासून निघालीच आहे.

दुपारभर विचार केला, मलाच वाईट पिक्चर आवडतात का? दादाला कपाटाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग?" मी म्हटलं, मग काही नाही, कपाटात बसले. तो म्हणाला, "तुला बाबांच्या कारखान्याचा वास चढलाय."

फोम चिकटवायच्या सोल्युशनचा वास चढतो हे खरं आहे.

मंगळवार, १८ तारीख

आजचा मला अजिबात नाही आवडला. खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहायला पाहिजे. एका घरात सगळे एकमेकांवर ओरडतात आणि कॅमेरा हलतो, जसं काही कॅमेरा धरणारा माणूस बसमध्ये उभा आहे. मला मळमळलं. एक बाई सूप भिंतीवर फेकते, मग दुसरी फेकते, मग घरातला म्हातारा फेकतो. इतकं सूप केलं कोणी? वेगळा आहे म्हणून चांगलाच असतो असं नाही, हे आज कळलं. त्यामुळे कपाटाबद्दल जरा बरं वाटलं. म्हणजे मला सगळंच आवडत नाही.

पण गंमत अशी की डेंटिस्टबाईंना आवडला. मी मागून बघत होते, त्या पूर्ण वेळ पुढे झुकून बसल्या होत्या, सूपच्या वेळेला तर टाळी वाजवायला हात उचलला. आणि लाइट लागल्यावर बसून राहिल्या. उजवीकडे. गॅरेजवाल्या काकांच्या शेजारी.

काका म्हणाले, "या, या. उशिरा का होईना, शहाणपण आलं."

बाई म्हणाल्या, "गप्प बसा हो. दिवसभर वाकून लोकांच्या तोंडात बघते मी. पिक्चर आवडलाय, पण आज कमरेला विचारून बसलेय."

सगळे हसले. मी नाही हसले. मला राग आला. आवडलाय तर डावीकडे जायला काय होतं? कमरेचं कसलं कारण देता? डावीकडे फक्त चार डोकी होती आणि बाई उजवीकडे मजा करत होत्या. मॅनेजरकाकांनी दोन्हीकडे टॉर्च फिरवला आणि ते दार उघडायला गेले.

माणसं बदलतात, एवढंच.

शुक्रवार, २१ तारीख

आज मॅनेजरकाकांनी मला विचारलं, "शेवटच्या मंगळवारी कुठला लावू?" मी शिवत होते. दाभण बोटात घुसली. ते म्हणाले, "तू सगळे बघतेस. मागे बसून हसतेस ते मला मशीनच्या खोलीतून ऐकू येतं. दोन आहेत माझ्याकडे. एकात एक माणूस वाळवंटात फोनची तार शोधतो. एकात एक बाई पियानो जुळवते."

मी म्हटलं, "पियानो."

एकच शब्द, पण म्हटला. काका गेल्यावर बाबा म्हणाले, "पियानो का?" मी म्हटलं माहीत नाही. खरं कारण असं की ती बाई दुरुस्तीची कामं करणारी आहे. आमच्यातली.

बाबा म्हणाले, "मीपण येतो मंगळवारी. एवढ्या सीट केल्या, कोणी बसलेलं बघितलंच नाही."

बुधवार, २६ तारीख

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहिते, वेळ लागू दे.

पिक्चर असा. एक बाई एका मोठ्या घरात पियानो जुळवायला येते. एकेक पट्टी दाबते, आत हात घालते, पाना फिरवते, कान लावते, परत दाबते. घरातली माणसं येतात जातात, भांडतात, कोणीतरी घर सोडून जातं. ती आपली टंग, टंग. शेवटी सगळ्या पट्ट्या जुळतात. आपल्याला वाटतं आता वाजवेल. ती झाकण लावते, हत्यारांची पेटी उचलते आणि जाते. पियानो कोणीच वाजवत नाही.

मला रडू आलं आणि का ते मला लगेच कळलं, जे सहसा होत नाही. मीपण तेच करते. एवढ्या खुर्च्या केल्या आणि एकीवरही बसले नाही.

लाइट लागले. मी पोत्यावरून उठले. वाटेतून चालत पुढे गेले आणि डावीकडे, चौथ्या रांगेत, एका खुर्चीवर बसले. डावीकडे मी, मॅनेजरकाका आणि एक जोडपं, तेही एकमेकांशी बोलत होतं, त्यांना पिक्चर संपलाय हे कळलं होतं का देव जाणे. बाकी सगळं थेटर उजवीकडे. बाबापण तिकडेच, कारण पिक्चर सुरू व्हायच्या आधी ते तिकडे बसले होते आणि त्यांना झोप लागली होती.

बसले आणि स्प्रिंग टोचली. साधी नाही. सरळ आतून, जशी कोणी खालून बोट खुपसतंय. मी सरकले, तर दुसरी. पाठीला लाकडाची पट्टी लागत होती. हे आम्हीच केलेलं, गोणपाट मी स्वतः ताणलेलं. लांबून बघितलं होतं, वरून हात फिरवला होता, पण बसले कधीच नव्हते. बाबाही नव्हते बसले.

मग मी उजवीकडे बघितलं. सगळे कसे पसरले होते. डेंटिस्टबाईंनी चपला काढून पाय वर घेतले होते. आणि मला एकदम सगळं कळलं. कमरेचं कळलं. लोक आधीच तिकडे का बसतात ते कळलं. आजोबांचं घोरणं कळलं. मी केवढी गाढव आहे तेही कळलं.

आणि हेही कळलं की हे सांगायचं तर बाबांसमोर सांगावं लागेल. सगळ्यांसमोर, की आमच्या कामामुळे हे झालं. बाबा नुकतेच जागे झाले होते आणि खुर्चीच्या हातावरून तळहात फिरवत शेजारच्याला सांगत होते, "हे आम्ही केलं."

तिकडे गॅरेजवाले काका टॉर्च घेऊन म्हणत होते, "एकदा तरी वाजवायचा की. मी गाडी दुरुस्त केल्यावर एक चक्कर मारतो. न मारता गिऱ्हाइकाला देतच नाही." मॅनेजरकाका उभे राहिले. म्हणाले, "चला, झालं तर मग. मालकांना सांगायला पाहिजे. तुम्ही इतके दिवस आलात, बरं वाटलं."

मी हात पुढे केला. टॉर्चसाठी. मॅनेजरकाकांनी बघितलं, मग काकांच्या हातातून टॉर्च घेऊन मला दिला. तो गरम होता.

घसा बंद. नुसती हवा. लोक वाट बघत होते. मला वाटलं आता कोणीतरी म्हणेल, राहू दे, बस. पण इथे टॉर्च हातात असेपर्यंत कोणी बोलत नाही ना, पद्धतच आहे. त्यामुळे कोणीच मला राहू दे म्हटलं नाही. शाळेत लगेच म्हणायचे. इथे सगळे नुसते थांबले, थांबलेच. जोडपंही गप्प झालं.

मग मी म्हटलं, "इकडे टोचतं."

कोणाला काही कळलं नाही.

"इकडच्या सीटमध्ये गादी नाही. तिकडे नवी आहे. इकडचा काथ्यापण काढून तिकडे भरलाय. म्हणून तुम्ही सगळे तिकडे बसता. पिक्चर आवडला तरी."

डेंटिस्टबाई इतक्या जोरात हसल्या की त्यांची चप्पल खाली पडली. "हेच तर मी गेल्या वेळेला म्हणाले, कोणी ऐकलं का?" मग सगळे एकदम बोलायला लागले, टॉर्च माझ्याकडे असताना, पद्धत मोडून. एकजण म्हणाला, "मला तर कपाटाचा फार आवडला होता, पण उठायचा कंटाळा आला." दुसरी म्हणाली, "मलापण." मॅनेजरकाका खाली वाटेतच बसले, डोक्याला हात लावून.

मी बाबांकडे बघायला घाबरत होते. बाबा उठले. शर्ट नीट केला. म्हणाले, "काम आमचंच आहे. एक बाजू इतकी चांगली झाली की लोक खरं बोलेनात, याला मी काय करू?"

गॅरेजवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅनेजरकाका म्हणाले, "सगळे उठा. आता उभ्यानेच. आवडला ते डाव्या भिंतीला, नावडला ते उजव्या भिंतीला. बसायचं नाही कोणी." सगळे उठले. धक्काबुक्की, हसणं, कोणाची पिशवी राहिली. डेंटिस्टबाई कंबर धरून डाव्या भिंतीला आल्या. खूप लोक आले. जास्त नाही आले, हेही लिहायला पाहिजे. उजवी भिंत अजूनही जरा जास्त भरली होती. गॅरेजवाले काका तिकडेच, हाताची घडी घालून. "मी उभ्यानेपण इकडेच. वाजवायला पाहिजे होता."

म्हणजे मी निवडलेला पिक्चर खरोखरच हरला. पण भिंतीला टेकून लोक इतका वेळ भांडले की सफाईवाल्या मावशी झाडू घेऊन आल्या आणि त्यांनीही विचारलं, "वाजवतच नाही? मग जुळवला कशाला?" आणि उजव्या भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या, पिक्चर न बघता.

मी परत टॉर्च मागितला. म्हटलं, ती वाजवत नाही कारण तिचं ऐकून झालंय. काम करताना एकेक करून सगळं ऐकलंय तिने. याच्यावर गॅरेजवाल्या काकांनी मान खाजवली. पण जागचे हलले नाहीत.

मॅनेजरकाकांनी तिथूनच मालकांना फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "हो... नाही, हरलाच... अहो पण कोणी घरी जात नाहीये... नाही, उभे आहेत सगळे... सीटमुळे, हो, सीटमुळे... नाही, आधीचं काही धरू नका..." मग फोन ठेवला आणि म्हणाले, मंगळवार चालू.

घरी जाताना बाबा भराभर पुढे चालत होते. मला वाटलं रागावलेत. मग कोपऱ्यावर म्हणाले, "काथ्या काढायला नको होता."

मी म्हटलं, "मीपण बसून बघायला पाहिजे होतं."

"ती बाई पेटीत पाने कापडात गुंडाळून ठेवत होती, बघितलंस? चांगली सवय आहे." म्हणजे बाबा सगळा वेळ झोपले नव्हते. मग म्हणाले, "आणि तुझा आवाज मोठा आहे की. मागच्या रांगेपर्यंत गेला."

शनिवार, २९ तारीख

फोम आला. गाडी खरंच निघाली होती म्हणे, वाटेत ड्रायव्हरचं लग्न झालं.

आज डावीकडची पहिली रांग पूर्ण केली. बाबांनी नवा नियम केलाय, प्रत्येक सीट झाली की मी त्यावर बसायचं, मगच पुढची. मी बसते आणि बाबा समोर उभे राहून विचारतात, "आवडली का?" मी म्हणते ठीक आहे. ते म्हणतात, "ठीक म्हणजे डावीकडे का उजवीकडे?" दिवसभर हाच विनोद. गॅरेजवाले काका सहज म्हणून येऊन गेले, तेही बसून बघून गेले. म्हणाले, आता नावडला तरी लोक इकडेच येऊन बसतील, मला कुठे बसवणार?

येत्या मंगळवारी वाळवंटातला फोनच्या तारेचा आहे. मॅनेजरकाका म्हणालेत, टॉर्च पहिला माझ्या हातात देणार. मी नको म्हटलं नाही. आणि हा जर सूपसारखा निघाला तर मी सरळ उजवीकडे जाऊन बसेन आणि का ते सगळ्यांना सांगे

थांबा, आई सांगत आली. आमच्या वर राहणाऱ्या काकूंचा मागे उडून गेलेला पोपट सापडला. पोस्टात होता, काउंटरच्या मागे, इतके दिवस. आता काकू पिंजऱ्याजवळ गेल्या की "सुट्टे नाहीत, पुढच्या खिडकीत जा" म्हणतो. मी बघून येते.